मामा तलाव : मालक बदलला, मग मासे का गेले?

आजचा एपिसोड भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या तलावांचा. सरकारी कागदात त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. यात कुणाचा मामा नाही हं. मामा म्हणजे माजी मालगुजारी.

गोंड राजांच्या काळात इथे तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळायची. कोहळी समाज या कामात तरबेज. उतार बघायचा, ओढ्यावर मातीची पाळ घालायची, वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात सोडायचं. असे हजारो तलाव झाले. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या नावावर गेले. पण पाणी धानाला, गाळ शेताला, मासे ढिवरांच्या जाळ्याला, असं सगळं गाव त्या तलावावर जगत होतं. पाणी, चराई, सरपण, मासेमारी यांचे रिवाज निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दप्तरांत लिहिलेलेही असायचे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मालगुजारी काही रामराज्य नव्हतं. वेठबिगारी होती, जातीची उतरंड होती. त्यामुळे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली ते बरंच झालं. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. पण त्याच कायद्याने तलाव सरकारजमा झाले. बापजाद्यांनी बांधलेल्या तलावाच्या पाण्यावर आता कर? लोक चिडले. पाळ कोण दुरुस्त करणार, गाळ कोण काढणार, हे अधांतरी राहिलं.

मी सॉफ्टवेअरवाला. चालू सिस्टीमचा सर्व्हर हलवला, पण ती रोज सांभाळणाऱ्या माणसांना विचारलंच नाही, तर काय होतं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. इथे तेच झालं.

त्यात माशांचं गणितही बदललं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. मोठा शोध होता तो! पुढे देशभर तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. उत्पन्न वाढलं. पण हे मासे नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या तलावात घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्या. उलट मरळ, मांगूर, सिंघी हे तिथलेच. उथळ, गवताळ काठाला आपले आपण वाढणारे. तो काठच बेशरमच्या झुडपांनी आणि अतिक्रमणाने खाल्ला. तलाव म्हणजे फक्त पाण्याची टाकी, असं धरलं की काठ कुणाच्या हिशेबात येतच नाही.

हे दुरुस्त करायला पुढे आले ते ढिवरच. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बाया-माणसांनी उन्हाळ्यात बेशरम उपटली, कोरडा तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

झाडीपट्टीतल्या श्रोत्यांना एक काम देतो. आपल्या गावाचं निस्तार पत्रक तहसीलमधून मिळतं का बघा. आणि घरी कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर तलावात पूर्वी कोणकोणते मासे मिळायचे ते विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती नावं अजून कुणाच्या तरी तोंडी आहेत, तोवरच.