बीप आणि बावीस श्रुती : ऐंशीच्या दशकातील घरगुती संगणकाचे संगीत

१/ अकोल्याच्या घरांत संगणक येण्यापूर्वी हार्मोनियम आली होती. वऱ्हाडात तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी आणि पेटी यांची जोडी गावोगाव रुजली. ऐंशीच्या दशकात आणखी एक स्वरयंत्र आले. ते दूरचित्रवाणी संचाला जोडले जाई आणि एका आज्ञेने वाजे. हा धागा त्या यंत्राचा आणि त्याने पुन्हा उभ्या केलेल्या एका जुन्या मराठी वादाचा.

२/ लंडनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी सिंक्लेअर रिसर्चने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८०ए प्रोसेसर, १६ किंवा ४८ किलोबाइट स्मृती, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवण म्हणून घरचा कॅसेट रेकॉर्डर. महागडे सुटे भाग टाळल्यामुळेच तो सामान्य घराच्या आवाक्यात आला.

३/ भारतात हा संगणक पोहोचला तो पुण्यामार्गे. तेथील डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने त्याची भारतीय आवृत्ती काढली. ध्वनीच्या एककावरून नाव घेतलेल्या कंपनीने विकलेल्या या यंत्रात ध्वनीसाठी मात्र स्वतंत्र चिप नव्हतीच.

४/ दुसरा मार्ग शाळेचा. १९८४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी ‘क्लास’ हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. देशातील सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक देण्यात आले. या यंत्रात ३२ किलोबाइट स्मृती होती आणि ध्वनीची वेगळी चिपही : तीन स्वरवाहिन्या व एक गोंगाटवाहिनी.

५/ वऱ्हाडातही हा तंत्रशिक्षणाच्या विस्ताराचा काळ होता. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी शेगाव आणि बडनेरा येथे खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. अकोला या दोहोंच्या मधोमध, मुंबई-हावडा लोहमार्गावर. ‘काँप्युटर’ हा शब्द येथील विद्यार्थ्यांच्या बोलण्यात रुळू लागला तो याच वर्षांत.

६/ या यंत्रांवर स्वर कसा निघे? बीबीसी मायक्रोवर आज्ञा द्यायची : साउंड १, -१५, ५३, २०. पहिला आकडा वाहिनीचा, दुसरा आवाजाच्या पातळीचा (-१५ म्हणजे सर्वांत मोठा), तिसरा स्वराच्या उंचीचा (५३ म्हणजे मध्य ‘सी’) आणि चौथा कालावधीचा. कालावधी सेकंदाच्या विसाव्या भागात मोजला जाई. म्हणजे २० लिहिले की स्वर एक सेकंद वाजे.

७/ स्पेक्ट्रमची आज्ञा आणखी सुटसुटीत : बीप १, ०. एक सेकंद, मध्य ‘सी’. ० ऐवजी १ लिहिला की अर्धा स्वर वर, १२ लिहिले की एक सप्तक वर. मात्र ध्वनीचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर. तोच लाउडस्पीकरला क्षणोक्षणी चालू-बंद करी. त्यामुळे बीप वाजत असताना बेसिकमधील बाकी सर्व कामे थांबत आणि एका वेळी एकच स्वर निघे.

८/ येथे जुना वाद परत येतो. पेटीच्या सप्तकात बारा पट्ट्या, आणि त्यांतील अंतरे पाश्चात्त्य पद्धतीने समान वाटलेली. भारतीय परंपरा मात्र सप्तकात बावीस श्रुती मानते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य होते. पुढे सनदी अधिकारी क्लेमंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियमही घडवून घेण्यात आली.

९/ हा वाद विद्वानांपुरता राहिला नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ उजाडावे लागले. पेटीला मींड घेता येत नाही आणि तिचे स्वर आपल्या रागांचे नव्हेत, हा मुख्य आक्षेप. अवघ्या दहा-पंधरा वर्षांनी बारा अर्धस्वरांत मोजणारे नवे यंत्र घरात आले. त्यावर हाच आक्षेप घेता आला असता.

१०/ पण स्पेक्ट्रमच्या मूळ पुस्तिकेत, स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेल्या ध्वनीच्या प्रकरणात, भारतीय संगीताचा उल्लेख आहे. अशा संगीताला अर्धस्वराहून लहान अंतरे लागतात आणि ती बीपमध्ये अपूर्णांक लिहून मिळवता येतात, असे तेथे सांगितले आहे. ०.५ लिहिले की मध्य ‘सी’च्या वर पाव स्वर. पेटीच्या पट्टीला जे अशक्य, ते येथे एका दशांश चिन्हाने साधत होते.

११/ हिशेब करून पाहू. षड्ज शून्यावर ठेवला, तर समान विभागणीत शुद्ध गंधार ४ वर येतो. तंबोऱ्याशी जुळणाऱ्या गंधाराचे षड्जाशी प्रमाण ५ : ४, म्हणजे सुमारे ३.८६. पंचम ७.०२, धैवत ८.८४, निषाद १०.८८. हे आकडे बीपला दिले की स्वयंभू स्वरांच्या अगदी जवळचे सप्तक वाजते.

१२/ बीबीसी मायक्रोचे उलटे. त्याची चिप अधिक समर्थ, तीन स्वर एकत्र वाजवणारी. पण साउंडमध्ये एका सप्तकाच्या ४८ समान पायऱ्या, अपूर्णांकाला जागा नाही. त्यामुळे ५ : ४ चा गंधार दोन पायऱ्यांच्या मध्ये पडे. एन्व्हलप या आज्ञेने स्वर वर-खाली सरकवता येई, म्हणून मींडेचा आभास मात्र येथे सोपा. महागड्या यंत्राकडे घसीट, स्वस्त यंत्राकडे श्रुती!

१३/ त्याच दशकात हा प्रश्न प्रयोगशाळेतही हाताळला जात होता. बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी तबल्याच्या बोलांचे व्याकरण ॲपल संगणकावर बसवले. तो ‘बोल प्रोसेसर’. मुंबईच्या एनसीपीएमध्ये बेल आणि विम व्हान डर मेर यांनी गायकांच्या स्वरांची हालचाल यंत्राने टिपली. त्या आलेखांत स्वर ठिपक्यासारखा स्थिर राहत नाही, तो वाहत्या रेषेसारखा दिसतो.

१४/ घरातील प्रयोगांना मात्र वीज आड येई. प्रोग्रॅम स्मृतीत असे, आणि वीज गेली की स्मृती रिकामी. तासाभरात एकेक आकडा मोजून बसवलेली धून क्षणात नाहीशी. म्हणून ती कॅसेटवर साठवणे निकडीचे. ४८ किलोबाइट भरायला सुमारे पाच मिनिटे लागत. आवाजाचे बटण थोडे कमी-जास्त झाले, तरी सारे पुन्हा पहिल्यापासून. त्यात टीव्ही एकच. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी तो ‘रामायणा’चा असे.

१५/ कॅसेटवर संगीत साठत नसे, साठत असे संगीताची आज्ञा. पण तीसुद्धा ध्वनीच्याच रूपात : आधी एकसुरी शिट्टी, मग खरखर. भजनाची कॅसेट आणि प्रोग्रॅमची कॅसेट बाहेरून सारखीच दिसे. त्यामुळे प्रोग्रॅमवर गाणी भरली जाणे सहज शक्य होते. संगणकावरील संगीताचा घरगुती इतिहास छापील कागदावर फारसा उतरलाच नाही. तो अशा फितींवर आणि आज पन्नाशीत असलेल्यांच्या आठवणींत विखुरला आहे.

१६/ चुंबकीय फीत कायम टिकत नाही. दमट कपाटात तिला बुरशी लागते, उन्हाळ्यात ती आक्रसते. परंतु खरखर ऐकू येते तोवर प्रोग्रॅम जिवंत असतो. साध्या कॅसेट प्लेयरची तार आजच्या संगणकाला जोडून तो ध्वनी नोंदवला, तर एम्युलेटरवर ती धून पुन्हा वाजू शकते. घरातील जुन्या डब्यात गाणे नसलेली, नुसती खरखरणारी कॅसेट सापडली, तर ती टाकण्याआधी एवढे करावे. आणि कॅसेट ज्यांची असेल, त्यांना गंधारासाठी कोणता आकडा लिहिला होता, तेही विचारून ठेवावे.