कातर हातात घेण्याआधी



फाटकाच्या दोन्ही बाजूंना गोल कापलेली दोन झाडं ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं. नर्सरीतली किंमत ऐकली आणि ठरवलं, घरीच करू. मधुकामिनीची दोन रोपं आणली, कातर काढली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, औषधाला नाही, देवाला नाही, मग कशासाठी कापतेस त्याला?"

मला उत्तर सुचलं नाही. कातर ठेवली आणि ही पद्धत आली कुठून, ते वाचायला बसले.

झाडं कातरून आकार देण्याच्या या कलेला टोपिअरी म्हणतात. शब्दाचं मूळ रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत आहे. तिथे 'टोपिआरिअस' म्हणजे बाग सजवणारा माळी. थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की ही रीत सम्राट ऑगस्टसचा मित्र गायस मॅटियस याने सुरू केली. म्हणजे ही हौस दोन हजार वर्षांची जुनी!

त्याचा भाचा धाकटा प्लिनी आपल्या डोंगराकडच्या घराचं वर्णन एका पत्रात करतो. तिथे बॉक्स नावाच्या बारीक पानांच्या झुडपाचे समोरासमोर उभे प्राणी कापलेले होते, आणि अक्षरंसुद्धा. काही अक्षरांत मालकाचं नाव, तर काहींत ते घडवणाऱ्याचं. त्या काळी हे माळी बहुधा गुलाम असत. ज्याच्या मालकीचं काहीच नाही, त्याचं नाव मालकाच्या बागेत हिरव्या अक्षरांत उभं! मी इथे बराच वेळ थांबले.

पुढे युरोपातल्या राजेरजवाड्यांनी ही कला उचलली. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या बागेत शंकू, गोळे, भिंती असं सगळं कातरलेलं. इंग्लंडमध्ये लेव्हन्स हॉल इथे गियोम बोमाँ या फ्रेंच माळ्याने १६९४ च्या सुमारास बाग आखली. त्यानंतर थोड्याच वर्षांत वारं फिरलं. १७१३ साली कवी अलेक्झांडर पोपने या छंदाची एका लेखात भरपूर थट्टा केली. झाडाला झाडासारखं वाढू द्यावं, असं लोकांना वाटू लागलं आणि कितीतरी जुन्या बागा मोडल्या. लेव्हन्स हॉलची मात्र राहिली. तिथली झाडं तीनशे वर्षांनंतरही दरवर्षी कातरली जातात आणि त्या कामाला काही महिने लागतात.

इतकी वर्षं कातर लागून झाड जगतं कसं? शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात आणि झाड दाट होतं. तुळशीची मंजिरी खुडताना आपण हेच पाहतो. फक्त कापायचं ते थोडं थोडं आणि वरवर. एकदम खोल कापलं की बरीच झाडं आतून उघडी पडतात.

आपल्याकडची ओळखीची जागा म्हणजे मुंबईचं हँगिंग गार्डन. मलबार हिलवर पाण्याच्या टाक्यांच्या वर १८८० च्या सुमारास ही बाग झाली. तिथल्या हिरव्या प्राण्यांजवळ काढलेला फोटो आपल्यापैकी कितीजणींच्या अल्बममध्ये असेल!

पण मला सगळ्यात भावला तो अमेरिकेतला पर्ल फ्रायर. साउथ कॅरोलायनातल्या बिशपव्हिल गावचा हा कृष्णवर्णीय कारखान्यातला कामगार. काळे लोक अंगण नीट ठेवत नाहीत, असं त्याला घर शोधताना ऐकावं लागलं होतं. १९८० च्या दशकात त्याने नर्सरीने टाकून दिलेली मरतुकडी रोपं उचलून आणली. कुणाकडे शिकला नाही. पाळी संपवून घरी यायचा आणि रात्री दिवा लावून कातरायचा. पुढे ती बाग बघायला लांबून लोक येऊ लागले. २००६ साली त्याच्यावर माहितीपटही निघाला. टाकलेलं रोप जगवण्यासाठी कातर धरली, तर सासूबाईंनीही त्याला हरकत घेतली नसती.

माझ्याकडे मात्र तसं कारण नव्हतं. आपल्या श्रावकाचारात अनर्थदंड सांगितलाय, म्हणजे गरज नसताना केलेली हिंसा. त्यातल्या प्रमादचर्येत उगाच पाणी सांडणं आणि उगाच झाडं तोडणं, दोन्ही येतं. शिवाय हे झाड सगळ्यात जास्त वाढतं पावसाळ्यात. म्हणजे चातुर्मासात ताटातली पालेभाजी सोडायची आणि दारात कातर चालवायची! आणि हत्ती-मोर कापायचे तर यशोधर राजाचा पिठाचा कोंबडा आठवतो. आकार प्राण्याचा, त्यावर शस्त्र आपलं. मन घेईना.

म्हणून मी वेगळा मार्ग धरला. जाड तारेची तीन कडी एकमेकांत अडकवून गोल केला, तो बांबूच्या काठीवर घट्ट बांधला आणि काठी जड मातीच्या कुंडीत रोवली. बुडाशी गणेशवेलीच्या बिया पेरल्या. वेल चढेल तशी हलक्या हाताने तारेवर वळवायची. कापायचं काही नाही. वेलही जीवच आहे, हे मला कळतं. संसारात सगळं टळत नाही, पण टाळता येईल तेवढं टाळावं.

मधुकामिनीची रोपं मागच्या अंगणात जमिनीत लावली. वाढू देत हवी तशी, फुलली की वास घरात येईल.

काल सासूबाई रिकाम्या तारेकडे बघून म्हणाल्या, "हे कधी भरायचं?"

म्हटलं, "पाऊस पडू दे, आई." त्या हसल्या आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या कुंडीत ओतून आत गेल्या.