छातीतला वॉचडॉग

मंडळी, १२ जून २०२१ ची डेन्मार्क-फिनलंड मॅच आठवतेय? पहिला हाफ संपायच्या जरा आधी ख्रिश्चन एरिकसन उभ्या उभ्या कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच सीपीआर आणि शॉक देऊन त्याला वाचवलं, मग छातीत एक छोटं यंत्र बसवलं आणि २०२२ मध्ये गडी पुन्हा प्रीमियर लीग खेळायला लागला! त्या यंत्राचं नाव आयसीडी. या विकांताला त्याचाच इतिहास वाचत बसलो होतो.

आधी थोडं तांत्रिक. आपण सगळ्यालाच सर्रास 'हार्ट अटॅक' म्हणतो, पण अटॅक म्हणजे रक्तवाहिनी तुंबणं, प्लंबिंगचा घोटाळा. इथे घोटाळा वायरिंगचा असतो. हृदयाचे खालचे कप्पे एका तालात आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. पंप बंद, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध. मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. उपाय एकच, विजेचा झटका. आपल्या भाषेत रीसेट. प्रश्न असा की बटण दाबणार कोण?

हा प्रश्न मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरला पडला. जन्म १९२४, वॉर्सा. महायुद्ध सुरू झालं तेव्हा पंधरा वर्षांचा हा ज्यू मुलगा घर सोडून रशियाकडे पळाला. युद्ध संपलं तेव्हा कुटुंबातला तो एकटाच उरला होता. पुढे फ्रान्समध्ये डॉक्टरकी शिकून इस्रायलला आला. तिथले त्याचे वरिष्ठ आणि गुरू म्हणजे हॅरी हेलर. हेलरना हृदयाच्या तालाचा असाच जीवघेणा विकार जडला. पर्याय दोनच: जन्मभर डिफिब्रिलेटरशेजारी हॉस्पिटलात पडून राहायचं, नाहीतर घरी जाऊन नशिबावर हवाला ठेवायचा. १९६६ साली हेलर गेले.

मिरोव्स्कींच्या डोक्यात एकच किडा शिरला. माणूस यंत्रापाशी राहू शकत नसेल, तर यंत्रच माणसाच्या आत का ठेवू नये? तेव्हाचे डिफिब्रिलेटर ढकलगाडीवरून न्यावे लागत, त्यामुळे ऐकणाऱ्यांनी वेड्यातच काढलं. १९६८ मध्ये ते बाल्टिमोरच्या सायनाय हॉस्पिटलात गेले. तिथे मॉर्टन मोवर हा जोडीदार मिळाला आणि वर्षभरात पहिलं प्रोटोटाइप तयारही झालं.

आणि मग १९७२ साली 'सर्क्युलेशन' या नामांकित नियतकालिकात कल्पनेवर सडकून टीका झाली. टीकाकार ऐरागैरा नव्हता. बर्नार्ड लाऊन, डीसी डिफिब्रिलेटर जगाला देणारा माणूस! आज वाचताना त्याला खलनायक ठरवायचा मोह होतो, पण त्याच्या शंका रास्त होत्या. हे बसवायचं नक्की कोणाला? अचानक कोण दगावणार, हे आधी कसं ओळखायचं? यंत्राने चुकून झटका दिला तर? (प्रॉडक्शनमधल्या फॉल्स पॉझिटिव्हने रात्री उठवलं तर आपण किती शिव्या घालतो! इथे तर अलार्म थेट हृदयात वाजणार.)

मिरोव्स्की वाद घालत बसले नाहीत, काम करत राहिले. त्यांनी एक फिल्म दाखवली: कुत्रा कोसळतो, आतलं यंत्र झटका देतं, कुत्रा शेपटी हलवत उठतो. त्यावरही 'कुत्र्याला शिकवून ठेवलं असेल' अशी कुजबुज झाली, तेव्हा नवीन फिल्ममध्ये सोबत ईसीजीही दाखवला.

शेवटी ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्समध्ये लेव्ही वॉटकिन्स या सर्जनने एका ५७ वर्षांच्या बाईंना पहिलं यंत्र बसवलं. छाती उघडावी लागली, यंत्र पोटात ठेवावं लागलं. बाहेरून सेटिंग बदलायची सोयही नव्हती. म्हणजे हार्डकोडेड व्हर्जन १.०. १९८५ मध्ये अमेरिकेत अधिकृत मंजुरी मिळाली.

पण लाऊनच्या पहिल्या प्रश्नाचं काय? शिवाय तेव्हा अनेक डॉक्टरांचा भरवसा गोळ्यांवर होता: जादा ठोके दाबले की माणूस वाचेल. १९८९ मध्ये 'कास्ट' नावाच्या चाचणीत उलटंच दिसलं. त्यातल्या दोन औषधांनी ठोके दाबले खरे, पण औषध घेणारेच जास्त दगावले. ग्राफ सुंदर, पेशंट गेलेला.

मग १९९६ मध्ये 'मॅडिट' चाचणीचे निकाल आले. अटॅकनंतर हृदय कमकुवत झालेले, धोक्याची विशिष्ट लक्षणं असलेले १९६ रुग्ण निवडले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्या १०१ जणांपैकी ३९ दगावले, यंत्र बसवलेल्या ९५ पैकी १५. कोणाला बसवायचं, या प्रश्नाचं निदान एक ठोस उत्तर मिळालं. लाऊनने प्रश्न विचारल्यानंतर चोवीस वर्षांनी.

मिरोव्स्की ते पाहायला नव्हते. १९९० मध्येच कॅन्सरने गेले. यंत्र चालतं हे त्यांनी पाहिलं, हेलरसारखे पेशंट हॉस्पिटलातून आपापल्या घरी जाताना पाहिले. मला वाटतं, त्यांना तेवढंच करायचं होतं.

असो. एक विनंती: सीपीआर शिकून घ्या. एरिकसनच्या छातीत यंत्र नंतर आलं, आधी माणसांचे हात होते.