निरोपाची ठेव

टेलिफोन कोणी शोधला यावर पुष्कळ भांडणं झाली. पण फोन वाजला आणि घरात कोणी नसलं, तर निरोप कोणी सांभाळायचा, हे भांडण त्याहून चिवट आहे. आमच्या चाळीत हे काम शेजारच्या काकू करत. निरोप त्यांच्याकडून व्याजासकट मिळे. कित्येकदा मुद्दल कमी आणि व्याजच जास्त.

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेन यांच्या शेजारी अशा काकू नसाव्यात. त्यांनी १८९८ साली पोलादी तारेवर आवाज पकडणारं यंत्र काढलं. फोनवरचा निरोप टिपून ठेवावा, ही त्यामागची कल्पना. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्या यंत्रापुढे चार शब्द बोलून गेले. पुढे साम्राज्य बुडालं, शब्द शिल्लक आहेत.

मग हे यंत्र घरोघर का गेलं नाही? अमेरिकेत बेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत १९३० नंतरच्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी निरोप टिपणारं यंत्र बनवलं, आणि कंपनीनं ते गुंडाळून ठेवलं. बोललेलं शिल्लक राहतं म्हटल्यावर लोक फोनवर बोलायलाच भितील, ही धास्ती! (धास्ती अगदीच खोटी नव्हे. आमचे साहेबही महत्त्वाचं सगळं तोंडीच सांगतात.) शिवाय परक्याचं यंत्र आपल्या तारेला जोडू द्यायचं नाही, हा नियम. तो १९६८ सालच्या कार्टरफोन निकालानं मोडला आणि टेपची यंत्रं घरांत शिरली. ज्याचा निरोप त्याच्या कपाटात.

एवढ्यात गॉर्डन मॅथ्यूज यांनी वेगळा हिशेब मांडला. टेबलागणिक यंत्र कशाला? एकच मोठा संगणक ठेवा आणि प्रत्येकाला त्यात खातं उघडून द्या. १९७९ साली अर्ज केलेलं त्यांचं पेटंट १९८३ साली मंजूर झालं. १९८८ साली न्यायालयानं तिथल्या प्रादेशिक टेलिफोन कंपन्यांनाही ही सेवा द्यायला परवानगी दिली. निरोप घरातून उठला तो कंपनीच्या तिजोरीत गेला. मोबाइलवरचा व्हॉइसमेलही तिथलाच. सोय मोठी: फोन बंद असो की डोंगराआड, निरोप जमा.

मी पडलो बँकेतला कारकून. मला यात लॉकर आणि बचत खात्याचा फरक दिसतो. लॉकरात ठेवलेली आजीची पाटली तीच परत मिळते. खात्यात भरलेली नोट मिळत नाही, तेवढ्याच किमतीची दुसरी मिळते. पैशाचं त्यावाचून अडत नाही, आवाजाचं अडतं. आवाजाला सुट्टे मिळत नाहीत. त्यातून कंपनीकडचा निरोप ही उलटी मुदत ठेव: मुदत भरली की ठेवच नाहीशी!

आणि या तिजोरीला कुलूप काय, तर चार आकडे. तेही कित्येकांनी कंपनीनं दिलेलेच ठेवलेले. दुसऱ्यांचे निरोप चोरून ऐकल्याच्या प्रकरणात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे लंडनचं १६८ वर्षांचं साप्ताहिक २०११ साली बंद पडलं.

२००७ च्या आयफोननं निरोपांची यादी फोनवर दाखवली. म्हणजे हातात पासबुक आलं. २०२३ च्या आयओएस १७ मध्ये तर फोनच निरोप टिपून घेऊ लागला, अर्थात ही सोय असेल त्या देशांत. पण त्यासाठी फोन जागा हवा. झोपला की पुन्हा कंपनीच्या दारात. आणि फोनवरचा निरोप फोनबरोबरच विहिरीत पडतो.

२०१५ साली इंग्लंडमधल्या एका गृहस्थांची बातमी आली होती. बायको वारल्यावर घरच्या फोनवरचा तिच्या आवाजातला ‘आम्ही घरी नाही’ अशा अर्थाचा संदेश ते वर्षानुवर्षं ऐकत. कंपनीनं यंत्रणा सुधारली आणि आवाज गेला. तंत्रज्ञांनी खटपट करून तो जुन्या साठ्यातून शोधून दिला, हे त्यांचं नशीब. कंपनीच्या खतावणीत ती फक्त एक ओळ होती.

प्रत्येकाला असे तंत्रज्ञ भेटतीलच असं नाही. म्हणून ज्या आवाजाची दुसरी प्रत जगात नाही, तो एकट्या कंपनीवर सोडू नये आणि एकट्या फोनवरही. आजच उतरवून आणखी एका ठिकाणी ठेवावा. जमाखर्चात आम्ही दहा रुपयांचीसुद्धा नोंद दोनदा करतो. आईच्या ‘जेवलास का?’ला निदान तेवढा मान द्यायला हरकत नाही.