शनिवारवाड्यातील हाक



लग्न होऊन मी शनिवार पेठेत आले, तेव्हा पहिल्याच अमावास्येला सासूबाईंनी बजावले, "दिवेलागणीनंतर वाड्याकडे फिरकू नकोस. 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते." वीसेक वर्षे झाली, मला काही ती ऐकू आली नाही. पण तिची हकीकत मी वाचून काढली, ती थोडक्यात सांगते.

थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, या वाड्याचा पाया घातला. पुढे १७७२ साली थोरले माधवराव वारले व त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. वय अवघे सतरा. चुलते राघोबादादा याच वाड्यात नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, पगार थकलेले गारदी हत्यारे घेऊन आत शिरले. नारायणराव धावत काकांकडे गेले व त्यांना मिठी मारली. चापाजी टिळेकर हा सेवक त्यांना वाचवण्यासाठी अंगावर पडला. दोघेही मारले गेले. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही गोष्ट तर घरोघर सांगतात. रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र दोष राघोबादादांवर ठेवला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. वाडा १८२८ च्या आगीत जळाला. हाक तेवढी राहिली.

वाचताना एक गोष्ट मनाला लागली. आपण हाक रात्रीची म्हणतो, पण खून झाला दुपारी, भर दिवसा, भरल्या घरात.

गेल्या वर्षी आमच्याकडे वाटणीचे कागद होत होते. थोरले दीर पूर्वीच वारले. त्यांचा मुलगा अठरा वर्षांचा, माझ्याच हाताखाली वाढलेला. कागदात त्याचे नाव नव्हते. दुपारी पानावर बसला, पण त्याला घास जाईना. बोलला काही नाही. मी त्याची काकू. वाढता वाढता मला एकदम नारायणराव आठवले. रात्री यजमानांना म्हटले, "त्याचे नाव घातल्याखेरीज सही करायची नाही." चार दिवस अबोला झाला. मग नाव घातले.

मुलींना मी अजून अमावास्येची गोष्ट सांगते. सासूबाईंनी सांगितली ती मोडवत नाही. पण वेळ मात्र दुपारची सांगते.