हाली, कलदार आणि फोनवरचे आकडे

बीडहून धाराशिवकडे जाताना मांजरसुंब्याच्या पुढे चौसाळा लागते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्या रुपयाला लोक 'हाली' म्हणत आणि इंग्रजी मुलखातल्या रुपयाला 'कलदार'. बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध असलेली बार्शी संस्थानाच्या हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात होती. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण हिशोब होता. आता समजा, एखाद्या जिनसेचा भाव दोन्हीकडे 'सात रुपये' असा सांगितला, तर आकडा एकच, पण बार्शीचे सात रुपये चौसाळ्याच्या माणसाला आठ रुपयांहून थोडे अधिकच पडणार. मापांचीही तीच गत होती. एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेतल्या शेराएवढा असेलच असे नव्हे. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. त्यानंतरच दोन गावांचे भाव सरळ शेजारी मांडून पाहता येऊ लागले.

हा जुना इतिहास आठवण्याचे कारण अगदी आजचे आहे. दोन महागड्या फोनांपैकी कोणता घ्यावा, हा प्रश्न हल्ली शिक्षकांच्या खोलीतही निघतो. दोन्ही फोनांची माहितीपत्रके शेजारी ठेवली जातात आणि ज्याचे आकडे मोठे तो फोन सरस, असा निकाल लागतो. पण हे आकडे एकाच चलनातले आहेत का? एक जोडी उदाहरणादाखल घेऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलचा आयफोन १५ प्रो मॅक्स आला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस २४ अल्ट्रा. भारतात बाजारात आले तेव्हा २५६ गिगाबाइट साठवणीच्या आयफोनची किंमत १,५९,९०० रुपये आणि गॅलेक्सीची १,२९,९९९ रुपये होती. दोन्हींच्या पुढच्या आवृत्त्या त्यानंतर निघाल्या आहेत, पण तुलनेची पद्धत समजून घ्यायला ही जोडी चांगली आहे.

मेगापिक्सेल

माहितीपत्रकातला सर्वांत ठसठशीत आकडा कॅमेऱ्याचा असतो. गॅलेक्सीचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा, तर आयफोनचा ४८ चा. म्हणजे गॅलेक्सी चौपटीहून अधिक चांगला?

या आकड्याचा जन्म पाहू. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते. नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेरावाला फोन आला. त्याच्या चित्रात सुमारे १ लाख १० हजार बिंदू असत. ते चित्र छापले तर टपाल तिकिटापेक्षा थोडे मोठे झाले की डोळ्यांना फाटके दिसू लागे. त्या काळी बिंदूंची संख्या वाढणे ही खरीच प्रगती होती आणि मेगापिक्सेल हा अर्थपूर्ण आकडा होता.

मात्र १२ मेगापिक्सेलचे चित्र सुमारे १३ इंच बाय १० इंचांच्या कागदावरही सुबक छापता येते. त्यापुढे प्रश्न बदलतो. बिंदू किती, यापेक्षा प्रत्येक बिंदूवर प्रकाश किती पडतो याला महत्त्व येते. अंगणात पाऊस पडतो आहे असे समजा. त्याच अंगणात ४८ भांडी दाटीने मांडली काय किंवा २०० लहान वाट्या मांडल्या काय, एकूण पाणी अंगणाएवढेच जमणार. या दोन फोनांचे 'अंगण', म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, जवळजवळ सारख्याच आकाराची आहे.

आणखी एक मर्यादा निसर्गाने घातली आहे. प्रकाश हा तरंग असल्यामुळे कितीही निर्दोष भिंगातून एखादा तारा पाहिला तरी त्याची प्रतिमा नेमका बिंदू नसते, तर छोटा ठिपका असतो. जॉर्ज बिडेल एअरी यांनी १८३५ साली या ठिपक्याचे गणित मांडले. गॅलेक्सीच्या भिंगासाठी हिरव्या प्रकाशात हा ठिपका सुमारे २.३ मायक्रॉन रुंदीचा येतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गॅलेक्सीचा एकेक पिक्सेल मात्र फक्त ०.६ मायक्रॉनचा आहे. म्हणजे भिंगाने दिलेला लहानात लहान ठिपकाच जवळजवळ चार पिक्सेलांवर पसरतो. जे तपशील भिंगातून आलेच नाहीत, ते पिक्सेल कुठून देणार? म्हणूनच नेहमीच्या वापरात गॅलेक्सी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचे चित्र साठवतो. आयफोन २४ मेगापिक्सेलचे साठवतो. जाहिरातीत मागे असलेला फोन साठवलेल्या चित्रात पुढे आहे! लख्ख उजेडात चित्राचा एखादा भाग कापून मोठा करायचा असेल तर २०० मेगापिक्सेलचा थोडा उपयोग होतो, पण चौपटीचा अर्थ त्यात शोधू नये.

न मोजलेला इंच

प्रकाश टिपणाऱ्या या चकतीचे माप सांगण्याची रीतही मजेशीर आहे. गॅलेक्सीची चकती '१/१.३ इंच' आणि आयफोनची '१/१.२८ इंच' अशी सांगतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्या हिशोबाने गॅलेक्सीच्या चकतीचा कर्ण साडेएकोणीस मिलिमीटर यायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे १२ मिलिमीटर आहे. कारण हा इंच दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांतील काचेच्या निर्वात नळ्यांचा आहे. तेव्हा नळीचा बाहेरचा व्यास सांगत आणि चित्र टिपणारा भाग त्याच्या सुमारे दोन तृतीयांश असे. नळ्या गेल्या, त्यांचा इंच मात्र उरला. मुलांना वापरातून गेलेल्या मापांविषयी सांगताना हे उदाहरण जरूर द्यावे.

गिगाहर्ट्झ

प्रक्रियकाच्या ठोक्यांचा वेग हा दुसरा लाडका आकडा. १९९० च्या दशकात संगणक विकत घेणारा प्रत्येक जण 'किती मेगाहर्ट्झ?' असे विचारी आणि ते योग्यही होते. ठोके दुप्पट झाले की काम जवळजवळ दुप्पट वेगाने होई. पण ठोके वाढवले की उष्णताही वाढते. २००४ साली इंटेलने आपल्या ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ प्रक्रियकाचा बेत सोडून दिला आणि ही शर्यत थंडावली. एका ठोक्यात किती काम होते, हा प्रश्न पुढे आला.

याबाबतीत पुण्याच्या संगणकाची गोष्ट आठवण्याजोगी आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. अनेक छोटे प्रक्रियक एकत्र जोडून केलेल्या या यंत्राचा कमाल वेग सेकंदाला एक अब्ज आकडेमोडी असा सांगितला जाई. अशा यंत्रांत कमाल वेग आणि प्रत्यक्ष प्रश्न सोडवताना मिळणारा वेग यांत नेहमीच अंतर असते, कारण प्रक्रियकांचा काही वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. महासंगणकांच्या जगाने यावर एक प्रामाणिक तोडगा काढला. जून १९९३ पासून पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी प्रसिद्ध होते. तिच्यात सैद्धांतिक कमाल वेग आणि ठरावीक गणित सोडवून मोजलेला वेग असे दोन वेगळे रकाने असतात. क्रम लागतो तो मोजलेल्या वेगावर.

फोनच्या जाहिरातीत हा दुसरा रकाना नसतो. वेगाच्या चाचण्या आहेत, पण २०१३ साली असे उघडकीस आले की काही कंपन्यांचे फोन चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते जोरात धावत. तपासणीस येणार म्हटल्यावर एका दिवसापुरती नीटनेटकी होणारी शाळा आपल्याला ठाऊक असते. हा प्रकार त्याच जातीचा.

मिलिअँपिअर-तास

गॅलेक्सीची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची आहे. ॲपल हा आकडा छापतच नाही, पण फोन उघडून पाहणाऱ्यांना तो सुमारे ४,४०० आढळला. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने इथे थोडे थांबावे. अँपिअर गुणिले तास म्हणजे विद्युतप्रभार. ती ऊर्जा नव्हे. ऊर्जा हवी असेल तर व्होल्टने गुणावे लागते. तो गुणाकार केला तरी टाकी किती मोठी एवढेच कळते. गाडी लिटरला किती धावते हे त्यातून समजत नाही.

सलग चित्रफीत दाखवण्याची क्षमता सॅमसंग ३० तासांपर्यंत सांगते, तर ॲपल २९ तासांपर्यंत. टाकीत बारा टक्क्यांचा फरक आणि तासांत तीन टक्क्यांचा! शिवाय हे तास प्रत्येक कंपनीने आपापल्या रीतीने मोजलेले आहेत. पडद्याची प्रखरता किती, चित्रफीत कोणती, हे दोघांचे एकच असेल असे नाही. एकाचा तास हाली, दुसऱ्याचा कलदार. प्रयोगशाळेत दोन मापनांतला फरक मापनाच्या अनिश्चिततेपेक्षा लहान असेल तर आपण ती मापने सारखी मानतो. इथेही तेच करावे.

ऊन

काही आकडे खोक्यावर नसतात, वापरपुस्तिकेच्या आतल्या पानांत असतात. फोन वापरताना भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे, असे दोन्ही कंपन्या सांगतात. मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर जाणे ही नेहमीची गोष्ट. फोन तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, पडदा मंद करतो, कधी चार्जिंगही थांबवतो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी दोन वाजता त्या गिगाहर्ट्झचे काय उरणार?

आपल्याकडे एकदा याच प्रश्नापासून सुरुवात करून यंत्र घडवले गेले. १९८० च्या दशकात बाहेरच्या देशांतली टेलिफोन एक्स्चेंजे मोठ्या शहरांसाठी बनवलेली असत आणि त्यांना वातानुकूलित खोली लागे. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार केले. धूळ, उष्णता आणि लहरी वीज गृहीत धरून केलेल्या या यंत्राला वातानुकूलन लागत नसे. असे पहिले एक्स्चेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसले. क्षमतेच्या आकड्यांत ते परदेशी यंत्रांपुढे अगदीच लहान होते. पण खेड्यात चालणारे ते होते, आणि तुलना तिथेच करायची होती.

मग कोणता घ्यावा?

आपल्या जोडीपुरते बोलायचे तर चित्रे आणि बॅटरी यांत हे दोन फोन बरोबरीचे मानावेत. ठळक फरक उरतो तो किमतीत आणि आयुष्यात. फोनचे सॉफ्टवेअर सुरक्षित ठेवण्यासाठी कंपनी किती वर्षे सुधारणा पाठवणार? सॅमसंगने एस २४ मालिकेसाठी सात वर्षांचे आश्वासन दिले. ॲपलने ब्रिटनमधील कायद्यानुसार आपल्या फोनासाठी किमान पाच वर्षे जाहीर केली. भागाकार करून पाहा. गॅलेक्सी वर्षाला सुमारे १८,६०० रुपयांना पडतो, तर आयफोन जास्तीत जास्त सुमारे ३२,००० रुपयांना. ॲपलने पूर्वी अनेक फोनांना पाच वर्षांहून अधिक काळ सुधारणा दिल्या आहेत. सात वर्षे धरली तर आयफोनचा आकडा सुमारे २२,८०० वर येतो. हा भागाकार साध्या, स्वस्त फोनासाठीही करावा. तो वर्षाला पाच हजार रुपयांना पडत असेल, तर वरचे तेरा हजार नेमके कशासाठी मोजायचे, याचे उत्तर स्वतःला देता आले पाहिजे. जवळचे दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे, हा आकडाही त्याच कागदावर लिहावा.

एकसमान मापाच्या दिशेने सुरुवातही झाली आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्याने बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनांवर ऊर्जापट्टी बंधनकारक झाली. एका चार्जिंगमध्ये फोन किती तास चालतो, बॅटरी किती फेऱ्यांनंतर क्षीण होते, पडल्यावर किती टिकतो आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, हे तिच्यावर सर्वांना एकाच पद्धतीने मोजून छापावे लागते. आपल्याकडच्या १९५८ च्या मापांसारखीच ही गोष्ट आहे.

शेवटी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर अंतराने दोन बारीक काळ्या रेघा काढा. कागद उजेडात भिंतीवर लावा आणि विद्यार्थ्यांना हळूहळू मागे जायला सांगा. दोन रेघांची एकच रेघ कुठे दिसू लागते ते अंतर मोजा. निरोगी डोळ्यांसाठी ते साधारण साडेतीन मीटरच्या आसपास येते. आता त्रैराशिक मांडा. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला तर किती जवळचे बिंदू वेगळे दिसतील? उत्तर इंचाला सुमारे ३०० बिंदू असे येईल. मग मुलांना एखाद्या फोनच्या पडद्याचा हा आकडा शोधायला सांगा. तो त्याहून बराच मोठा असेल, तर त्या वरच्या बिंदूंचे पैसे कोणाच्या डोळ्यांसाठी, हे त्यांनाच ठरवू द्या.