आघाडीची फळी : कोणता खेळाडू कोठे?

फुटबॉलमध्ये तिघांची आघाडीची फळी निवडताना शालेय संघात सर्वांत उंच मुलाला मध्यभागी उभे करण्याचा मोह होतो. उंची उपयोगी खरी. पण मध्य आघाडीपटूला पाठीशी बचावपटू असताना चेंडू राखता आला पाहिजे आणि गोलसमोर एका स्पर्शात फटका मारता आला पाहिजे. बगलेवर वेग व चकवा हवा. डावखुरा डावीकडून क्रॉस देतो, उजवीकडून आत वळून फटका मारतो.

करावे गावाजवळ नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ असे नमविले. मध्य आघाडीपटू आबेल रुईझचे दोन, तर बगलेवरील फेरान तोरेसचा एक गोल होता.